माझी मुलगी नेटिव्ह इंग्लिश स्पीकर आहे की नाही?

रानजाई: मी सोलापूरची, नवरा तमिळ, आमचं पहिल्यापासून बोलणं इंग्लिशमधूनच, त्यामुळे पोरगी बोलायला लागली तीच इंग्लिशमध्ये, आता 7 वर्षांची आहे. शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा इंग्लिश लिहिली तर तिथल्या मॅडमनी सरळ खोडून मराठी लिहिलं, म्हणे तुम्ही मराठी ना मग असं कसं. इतका राग आला ना! तिला मराठी समजतं पण बोलताना अडते. मग खोटं का लिहायचं?

कडूनिंब: ताई, राग मानू नका पण मला त्या मॅडमचं पटतं. नेटिव्ह म्हणजे घरात आधी शिकलो एवढंच नाही, ती भाषा गल्लीत, भाजीवाल्याकडे, भांडणात पण लागते. पोरगी खाली खेळायला गेली की पोरं मराठी हिंदीच बोलणार. मी इंग्लिश मिडियमचा, 20 वर्षं कामही इंग्लिशमध्येच, पण वडील गेले तेव्हा लंडनच्या साहेबाला फोनवर सांगताना तोंडातून शब्दच फुटेना. बायकोशी मराठीत बोललो तेव्हा रडू आलं.

चिंचोका: दादा तुमचं दुःख खरं आहे, पण तुमची पहिली भाषा मराठी होती, तिची नाहीये, दोन्ही एक कसं धरता? आपल्या जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई जी भाषा बोलली ती. आईची जात गाव काही विचारत नाहीत. 2011 ला देशात अडीच लाखांवर लोकांनी इंग्लिश सांगितली, त्यातले लाखभर तर महाराष्ट्रातच.

कडूनिंब: सांगितली हो, पण जग मानतं का?

चिंचोका: जग काय बघतं तेही सांगतो. दक्षिण कोरियात इंग्लिश शिकवायचा ई-2 व्हिसा साधारण सातच देशांच्या लोकांना देतात, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. आता दक्षिण आफ्रिकेत घरी इंग्लिश बोलणारे 10 टक्क्यांच्याही आत आहेत, तिथला घरी झुलू भाषा बोलणारा, पण इंग्लिश शाळेत शिकलेला माणूस चालतो (चालावाच, माझं काही म्हणणं नाही) आणि ही पोरगी सहसा चालणार नाही, कारण पासपोर्ट. म्हणजे भाषा तपासतच नाहीत, देश तपासतात. श्रीनगरला जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी 1985 मध्ये इंग्लिशची तीन वर्तुळं मांडली, आतल्यात इंग्लिश पहिली भाषा असलेले ब्रिटन अमेरिका वगैरे, बाहेरच्यात ती इंग्रज राजवटीतून आलेला भारत. पण वर्तुळं देशांची आहेत, त्यात एकेक माणूस कुठे बसवणार?

कडूनिंब: ठीक, व्हिसाचा नियम चूकच आहे. फॉर्मवर इंग्लिश लिहा, तेही मान्य. पण नेटिव्ह शब्दात मुलूख आहे हो, ते मी सोडणार नाही. ती सोलापूरला जाते तेव्हा आजीशी काय बोलते?

रानजाई: आई तिच्याशी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये बोलते, चेन्नईला सासूबाई पण तसंच. साठी ओलांडलेल्या दोघी बाया नातीसाठी नवीन भाषा शिकतायत, मला तर हाच तिचा मुलूख वाटतो. मराठीही शिकवतेय, रोज रात्री एक गोष्ट, पण ती मला प्रश्न विचारते ते इंग्लिशमध्येच. सोमवारी शाळेत जाऊन फॉर्म परत मागणार आहे.