मदत हवी आहे: लांबच्या ट्रिपसाठी सेकंड हँड गाडी
मंडळी, आईबाबांना घेऊन लांबच्या ट्रिपला जायचंय म्हणून सेकंड हँड गाडी बघतोय. एक आवडलीये, रनिंग कमी दाखवतेय पण पेडल आणि स्टिअरिंग फारच घासलेलं वाटतंय, त्यात सर्व्हिस रेकॉर्ड मागितलं की मालक टाळतोय, म्हणजे मीटर मागे फिरवलाय की काय? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टायरवरच्या DOT कोडच्या शेवटच्या ४ आकड्यांवरून तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष कळतं, एवढं माहितीये. पण टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) कधी बदललाय हे बिलाशिवाय कसं ओळखायचं? तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात, आणि आईबाबा सोबत असताना ती रिस्क नकोच. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून खरं रनिंग कळतं का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.