ड्रेसिंगच्या वेळी होणाऱ्या वेदनेसाठी व्हीआर हेडसेट चालेल का?

प्रश्न : पेडण्याची लेक
चवथीच्या नेवऱ्या तळताना कढई कलंडून माझ्या आईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ड्रेसिंग दिवसाआड असते. चिकटलेली गॉझ सलाईनने भिजवून सुटेपर्यंत ती डावी मूठ आवळून बसते, आणि आदल्या रात्रीपासूनच तिची झोप उडालेली असते. भाच्याकडे खेळाचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावला की सभोवती आभासी जग दाखवणारा) आहे. भाजलेल्या रुग्णांना त्याने आराम पडतो, यात तथ्य आहे का? तिला बसमध्येसुद्धा मळमळते.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, फोंडा
तथ्य आहे. अमेरिकेतील सिएटल येथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी १९९६ मध्ये नेमके हेच काम सुरू केले. पुढे त्यांच्या ‘स्नोवर्ल्ड’ या खेळात रुग्ण बर्फाच्या दरीतून जाताना बर्फाचे गोळे फेकत राही आणि तेवढ्यात जखमेची स्वच्छता उरकली जाई. वेदना जाणवायलाही लक्ष लागते, ते दुसरीकडे गुंतले की तिच्या वाट्याला कमी उरते. म्हणूनच नुसती चित्रफीत दाखवण्यापेक्षा हाताला काम देणारा खेळ बरा. डॉक्टरांनी ड्रेसिंगपूर्वी घ्यायला सांगितलेली गोळी मात्र चुकवू नका. मळमळीसाठी, खेळणारा एकाच जागी बसलेला असेल असा खेळ निवडावा आणि कंट्रोलर डाव्या हातात द्यावा. फिट येण्याचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये.

उत्तर : कंबरदुखीवाला, म्हापसा
थोडी भर घालतो. माझी कंबर सहा वर्षे दुखते आहे, आणि खेळाने तेवढी वेळ निभते. हेडसेट काढला की दुखणे हजर. अमेरिकेत औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मान्य केलेला व्हीआर उपचार हा आठ आठवड्यांचा रोजचा अभ्यास आहे, त्यात श्वासावर ताबा आणि शरीर सैल सोडणे शिकवतात. तुमच्या आईंचा प्रश्न ड्रेसिंगपुरता असल्याने त्यांना साधा खेळही पुरावा.

पेडण्याची लेक
दोघांचेही आभार. नर्सबाईंची हरकत नाही. आपले बोलणे आईला ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा, एवढीच त्यांची अट आहे. रविवारी ड्रेसिंग नसताना दहा मिनिटे करून पाहिले. मासे पकडायच्या खेळात तिला मळमळले नाही, पण पट्टा अंबाड्यावरून सारखा घसरत होता. पुढच्या ड्रेसिंगला तिची वेणी घालूनच नेणार आहे.