मदत हवी आहे: हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) नसताना हाताला सवय कशी लागते?

बी.ए. प्रथम वर्ष, मानसशास्त्र, मराठी माध्यम. हेन्री मोलेसनच्या केसवर अडलेय. १९५३ मध्ये अपस्मारासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत त्याच्या हिप्पोकॅम्पसचा दोन्ही बाजूंचा मोठा भाग काढला आणि नव्या घटना लक्षात राहीनात. तरी मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या प्रयोगात आरशात बघून चांदणी गिरवताना त्याच्या चुका दिवसागणिक कमी होत गेल्या. आदल्या दिवशी हेच केलंय हे मात्र त्याला आठवायचं नाही! वाचून अंगावर काटा आला.

घटनांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती वेगळी, इथपर्यंत कळलंय. पण नोट्समध्ये याचं श्रेय लघुमेंदूला दिलंय, एका व्हिडिओत बेसल गँग्लियाला (मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या गटांना). पाठ्यपुस्तक यावर गप्प आहे. आरशातून गिरवायला शिकताना या दोघांपैकी कोण नेमकं काय करतं?