टियानाची नवी जलसफर: खर्च कशावर झाला आणि गोष्ट कुठे राहिली?

मूळची_नाशिककर (प्रश्न)

गेल्या हिवाळ्यात दोन्ही मुले आणि नाशिकहून आलेल्या सासूबाई यांच्यासह आम्ही फ्लोरिडातील डिस्नीच्या मॅजिक किंगडम या उद्यानात गेलो होतो. ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ ही ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) या डिस्नी चित्रपटाची नायिका टियाना हिच्यावर बेतलेली नवी राइड तेथे २८ जून २०२४ रोजी आणि कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सुरू झाली. डोंगर जुन्या ‘स्प्लॅश माउंटन’चाच आहे, पाण्याचा पाट, ओंडक्याच्या आकाराच्या होड्या आणि शेवटची सुमारे पन्नास फुटांची उडीही तीच आहे. धाकटा ४० इंचांच्या खुणेपर्यंत कसाबसा पोहोचला, त्यामुळे आम्हां सर्वांना एकाच होडीत बसता आले.

आतील हलते-बोलते पुतळे पाहून मी खरोखरच थक्क झाले. टियाना मान वळवून बोलते तेव्हा तिच्या ओठांची आणि भुवयांची हालचाल इतकी सहज आहे की धाकट्याने तिला हात हलवून उत्तर दिले. मात्र बाहेर आल्यावर ओला पदर पिळता पिळता सासूबाईंनी विचारले, “सगळे छान होते, पण त्या मुलीची अडचण काय होती?” मला उत्तर देता आले नाही. मेजवानीसाठी वादक कमी पडतात, म्हणून टियाना आपल्याला घेऊन दलदलीत प्राणी-वादक शोधायला निघते. वाटेत मामा ओडी ही चित्रपटातलीच जादूगार म्हातारी आपल्याला बेडकाएवढे लहान करते, पुढे पुन्हा मोठे करते आणि सगळे नाचतात. चित्रपटातला खलनायक, तो जादूटोणा करणारा डॉक्टर फॅसिलिए, येथे कुठेही नाही.

एवढा खर्च करताना गोष्टीकडे दुर्लक्ष झाले का, की मुलांच्या राइडकडून मी नको ती अपेक्षा करते आहे? जाणकारांनी मत द्यावे.

जमाखर्च

आधी खर्चाचे पाहू, कारण या विषयावर आकडे फार सैलपणे फेकले जातात. डिस्नी कंपनीने या नूतनीकरणाचा खर्च जाहीर केलेला नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या रकमा अंदाजाच्या आहेत आणि त्यांवर वाद रचण्यात अर्थ नाही. जुन्या राइडबद्दल मात्र बरेच सांगता येते. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात ‘स्प्लॅश माउंटन’ उघडले तेव्हा त्याचा खर्च साडेसात कोटी डॉलर सांगितला जात असे. महागाई धरली तर आजचे ते सुमारे १९ कोटी होतात. म्हणजे जुनी राइड स्वस्तात झाली आणि नवीवर पैसा उधळला, हा सूर मुळातच चुकीचा आहे.

शिवाय तेव्हाही काटकसर झाली होतीच. डिस्नीचे राइड-रचनाकार टोनी बॅक्स्टर यांनी ‘स्प्लॅश माउंटन’ची कल्पना १९८३ मध्ये मांडली, तेव्हा ‘अमेरिका सिंग्ज’ या जुन्या कार्यक्रमातील प्राण्यांचे पुतळे प्रेक्षकांअभावी नुसते गात बसले होते. त्यांतील बहुतेक उचलून नव्या डोंगरात बसवण्यात आले. आपल्याकडे जुन्या साडीची गोधडी होते, तसाच हा प्रकार. आता उलट झाले आहे: डोंगर जुना ठेवला आणि पुतळे नवे केले. कंपनीने २०२३ मध्ये उद्याने आणि जहाजांवर दहा वर्षांत सुमारे ६० अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले आहे; त्या मानाने एका डोंगराची डागडुजी ही किरकोळ बाब आहे. पैसा जास्त झाला का, यापेक्षा तो नेमका कशावर झाला, हा प्रश्न मला अधिक योग्य वाटतो.

देखावेवाला

पुण्यातील एका मंडळासाठी मी बावीस वर्षे हलते देखावे केले आहेत, त्यामुळे या चर्चेत राहवत नाही. वर्गणीदार दरवर्षी हेच विचारतात: एवढे पैसे घेतलेत, दाखवलेत काय? त्यांना मोटारींची संख्या सांगून समाधान होत नाही. रस्त्यावर उभा असलेला माणूस सहा-सात मिनिटे देतो, त्याच्या खांद्यावर मूल असते आणि मागून गर्दी रेटत असते. तेवढ्या वेळात त्याला कळावे लागते की कोणाला काय हवे आहे आणि आडवे कोण येते आहे. अफझलखान आमच्याकडे पुन्हा पुन्हा उभा राहतो तो याचमुळे. तो नुसता दिसला तरी निवेदन सुरू होण्यापूर्वीच अर्धी गोष्ट सांगून होते.

जुन्या राइडचे बळ हेच होते. ससा घर सोडून निघतो, कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागावर असतात, तो पकडला जातो आणि काटेरी झुडपात भिरकावला जातो. ते भिरकावणे म्हणजेच ती पन्नास फुटांची उडी. चढणीवर वर दोन गिधाडे बसून तुम्हाला चिडवत असत आणि पोटात गोळा येत असे, कारण कथेतला ससा आणि होडीतले आपण एकाच क्षणी पडणार असतो. आता त्याच जागी मामा ओडी आपल्याला मूळ आकार देते आणि मेजवानीला पाठवते. चांगल्या बातमीसाठी माणसाला कड्यावरून कशाला ढकलायचे? पाणी तेच, उतार तोच, पण पडण्याला कारण उरले नाही.

आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवा. तीही प्रवासाचीच गोष्ट, वाहनही गोल आणि गडगडणारे. वाटेतला वाघ काढून टाका, म्हणजे म्हातारी लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन परत आली एवढेच उरते. तीन वर्षांचे मूलसुद्धा ती दुसऱ्यांदा सांगा म्हणणार नाही.

लुइझियानात_सात_वर्षे

देखावेवाला यांचे विवेचन पटते, तरी ते अर्धेच आहे असे मला नम्रपणे वाटते. जुना ससा का गेला, हे आधी सांगायला हवे. १९४६ च्या ज्या ‘साँग ऑफ द साउथ’ या डिस्नी चित्रपटावर ती राइड बेतली होती, त्यात गुलामगिरीनंतरच्या मळ्यांवरील जीवन असे गोजिरवाणे रंगवले होते की प्रदर्शित झाला तेव्हाच त्यावर निषेध झाला, पुढे कंपनीने अमेरिकेत तो घरी पाहण्यासाठी कधी विक्रीलाही आणला नाही. सशाच्या कथा मुळात आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तोंडी जपलेल्या, आणि अतिशय चतुर; त्यांच्याभोवतीची चौकट मात्र ओशाळवाणी होती. टोकियोत ती राइड अजूनही चालू आहे, हा भाग वेगळा.

नव्या राइडमध्ये माझ्या प्रदेशाविषयी जितके बारकाईने लिहिले आहे तितके मी दुसऱ्या कोणत्याही उद्यानात पाहिलेले नाही. सपाट दलदलीत डोंगर आला कुठून, या शंकेचेही उत्तर दिले आहे: ती मिठाची टेकडी आहे, आणि टियानाने तेथे कामगारांच्याच मालकीची खाद्यपदार्थांची सहकारी संस्था उभी केली आहे. लुइझियानात अशा टेकड्या खरोखर आहेत. टबॅस्को सॉस जेथे तयार होतो ते एव्हरी आयलंड अशाच मिठाच्या घुमटावर वसलेले आहे. सहकारी संस्था म्हटल्यावर कारखाना आणि दूध संघ पाहत वाढलेल्या माझ्यासारख्या कोल्हापूरकराला किती बरे वाटले असेल, ते आपण समजू शकता. न्यू ऑर्लिन्सच्या ज्या लिया चेस यांच्यावरून टियाना सुचली, त्यांच्या खानावळीत वर्णभेदाच्या काळात गोरे आणि काळे कार्यकर्ते एका टेबलावर बसून मसलती करत. अशा बाईच्या कथेला दरवेळी खलनायक लागतोच असे नाही. रांगेत उभे राहा, भिंतीवरची पत्रे वाचा, रेडिओ ऐका, बेन्ये या तिकडच्या तळलेल्या गोड पदार्थाचा वास घ्या. गोष्ट तेथे आहे.

मूळची_नाशिककर

आपण सर्वांनी सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. लुइझियानात_सात_वर्षे, आपला प्रतिसाद वाचून एक गोष्ट लक्षात आली आणि थोडे हसूही आले. सासूबाईंना उभे राहवत नाही म्हणून आम्ही जादा पैसे भरून जलद रांग घेतली होती. मिठाची टेकडी, सहकारी संस्था, पत्रे यांतले आम्हाला जवळजवळ काहीच दिसले नाही. चालत गेलो आणि थेट होडीत बसलो. म्हणजे ज्याने जास्त पैसे मोजले त्यालाच गोष्ट कमी मिळाली, असे झाले.

जमाखर्च

हा मुद्दा माझ्याही हिशेबातून निसटला होता. रांगेतली सजावट हा खर्च आहे, आणि ती टाळण्यासाठी घेतलेले शुल्क हे उत्पन्न आहे. एकाच भिंतीवर दोन्ही बाजूंनी नोंद होते.

म्हणूनच गोष्ट रुळावर किंवा पाण्यात असावी असे माझे मत आहे. डिस्नीचीच फ्लोरिडातील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही रुळांवरची राइड २००६ मध्ये उघडली, तेव्हा दहा कोटी डॉलरचा गवगवा झाला होता. त्यातील अवाढव्य हिममानव काही महिन्यांतच हलायचा थांबला आणि तेव्हापासून लुकलुकत्या दिव्याच्या उजेडात तो हलतो आहे असा भास केला जातो. तरीही लोक ती राइड पुन्हा पुन्हा घेतात. चहामळ्याची आगगाडी शिखराजवळ येते, पुढे रूळ उखडून वर वळलेले दिसतात, क्षणभर सगळे स्तब्ध होते आणि गाडी अंधारात उलटी सुटते. रूळ कोणी उखडले, हे सांगायला निवेदक लागत नाही, आणि ते दृश्य चुकवण्याची सोय कोणत्याही तिकिटात नाही.

देखावेवाला

अगदी हेच म्हणायचे होते. आमच्याकडे एका वर्षी ऐन सातव्या दिवशी मुख्य पुतळ्याचा हात अडकला. पडद्यामागून दोरीने तलवार ओढून आम्ही चार रात्री काढल्या, आणि एकाही वर्गणीदाराने विचारले नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पुढच्या भाद्रपदात त्या पुण्यात आल्या तर देखावा त्यांना आधी दाखवेन आणि खर्च नंतर सांगेन.