मुख्याधिकारी ऐकत नाहीत म्हणून बदली मागायची का? नगरपरिषदेत नक्की चालतं कोणाचं?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या निवडणुकीत माझी आई आमच्या तालुक्याच्या गावच्या नगरपरिषदेत नगरसेविका म्हणून निवडून आली. पहिल्यांदाच. चार वर्षं प्रशासक होते त्यामुळे गावात कोणालाच आता आठवत नाही की सभा कशी चालते, जुने नगरसेवक आहेत त्यातले बरेच घरी बसले. आता झालंय असं की आईने वॉर्डातल्या गटारीचं काम तीनदा सांगितलं, मुख्याधिकारी साहेब "बघतो, निधी नाही" एवढंच म्हणतात आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या वॉर्डात पेव्हर ब्लॉकचं काम सुरू, विचारलं तर कळलं वरून फोन होता. आता सगळे नगरसेवक मिळून आमदारांकडे जाणार आहेत की या साहेबांची बदली करा. आईलाही सही मागितलीय. तिला ते पटत नाहीये पण एकटी पडायचीही भीती आहे. मला विचारायचंय ते हे की निवडून आलेल्या माणसाचा अधिकाऱ्यावर कायद्याने काही कंट्रोल असतो का, का बदली हाच एक उपाय?

जुना_हेडक्लार्क
ताई, मी नगरपालिकेत पूर्ण नोकरी केली, रिटायर झालो, तेव्हा आतलं सांगतो. १९६५ चा नगरपरिषद अधिनियम घ्या, त्यात कलम ५८ नगराध्यक्षाचं आणि कलम ७७ मुख्याधिकाऱ्याचं, आधी ही दोन वाचा. मुख्याधिकारी हा शासनाचा माणूस, एमपीएससीतून येतो किंवा प्रमोशनने, त्याचा पगार, सीआर (म्हणजे कामाचा गोपनीय अहवाल), बदली काहीही नगरपरिषदेच्या हातात नाही. पण पैसा कशावर खर्च करायचा हे सभा ठरवते, आणि ठराव झाला की त्याची अंमलबजावणी त्याने करायची. म्हणजे तुमच्या आईचा कंट्रोल सभागृहात आहे, केबिनमध्ये जाऊन सांगण्यात नाही. तोंडी तीनदा सांगितलं म्हणता, त्याची नोंद कुठे आहे? लेखी पत्र द्या, आवक क्रमांक घ्या.

आता खरी गोष्ट. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी येते, अजेंड्यावर बारा पंधरा विषय, आणि शेवटी एक ओळ असते, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". निम्मा कारभार त्या ओळीत होतो. सभा संपत आलेली, चहा आलेला, लोक उठायला लागलेले, आणि तेव्हा तीन विषय वाचले जातात, हात वर, मंजूर. काही वेळा तर सभेत वाचलेलेच नसतात, नंतर इतिवृत्तात येतात, आणि ते इतिवृत्त पंधरा पंधरा दिवसांनी लिहिलं जातं. मी स्वतः ती रजिस्टरं सांभाळलीत म्हणून सांगतो, ज्या नगरसेवकाने पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना उभं राहून "हा विषय झालाच नव्हता, माझा विरोध लेखी घ्या" म्हटलं, त्याच्या वॉर्डाची फाईल कोणी दाबून ठेवायची हिंमत करत नसे. सूचक अनुमोदक म्हणून नुसती सही करत जाऊ नका म्हणावं आईला.

लोकल_रिपोर्टर
काका तुमचं बरोबर आहे पण हे पुस्तकातलं झालं. प्रत्यक्षात सभागृहाचं ऐकायचं की नाही हे मुंबई ठरवते. नवी मुंबईचं बघा, ऑक्टोबर २०१६, आयुक्त तुकाराम मुंढेंवर अविश्वास ठराव, १११ च्या सभागृहात १०४ विरुद्ध ६ ने मंजूर. महापालिका कायद्याप्रमाणे पाच अष्टमांश लागतात म्हणजे ७० पुरले असते. तरी सरकारने तो ठराव अमलात येऊ दिला नाही. मार्च २०१७ मध्ये त्याच सरकारने त्यांची बदली पीएमपीएमएलला, म्हणजे पुण्याच्या बस कंपनीत केली. आता तुम्हाला मुंढे आवडोत न आवडोत, मला स्वतःला त्यांची अतिक्रमणाविरुद्धची कामं आवडली होती, पण ठेवायचं कधी आणि काढायचं कधी हे दोन्ही मंत्रालयात ठरलं, नगरसेवकांच्या मताला किंमत नव्हती आणि अधिकाऱ्यालाही संरक्षण नव्हतं. दोघंही हरले.

नगराध्यक्षांचंही तेच. थेट निवडायचा की नगरसेवकांतून हे २०१६ ला बदललं, २०२० ला उलट फिरवलं, २०२२ ला परत थेट. गावाला कोणी विचारलं?

आणि प्रशासकाचा काळ तर अजून ताजा आहे. मुंबईत ७ मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. तेवढा काळ प्रस्ताव ठेवणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. लोक म्हणायचे राजकारण गेलं, बरं झालं. कुठलं गेलं? नगरसेवक गेले, फोन आमदार आणि पालकमंत्र्यांचे यायला लागले. निदान नगरसेवकाला सभेत बोलावं लागतं, पेपरात येतं. फोनचं इतिवृत्त नसतं.

फाईलवाला
मी दुसऱ्या बाजूचा आहे, सेवेत आहे म्हणून जास्त ओळख देत नाही. बदलीबद्दल सांगतो कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, नेमणुकीचा कालावधी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल मे मध्ये. मध्येच करायची तर अपवाद म्हणून, कारण लेखी नोंदवून आणि वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन. आता नगरसेवकांच्या सह्यांचं पत्र आमदारांचं शिफारसपत्र जोडून मंत्रालयात गेलं आणि त्यावर ऑर्डर निघाली तर तो अधिकारी मॅटमध्ये (सरकारी नोकरांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण) जातो आणि अशा बदल्या रद्दही झाल्यात. पण त्यात सहा महिने जातात, तोवर चार्ज प्रभारीकडे, प्रभारी कशावरच सही करत नाही, आणि गटार तशीच. आणि पुढचा साहेब येतो तो एक गोष्ट शिकून येतो, की या गावात सभागृहापेक्षा आमदार महत्त्वाचे. तुमच्या आईने सही केली तर स्वतःचा अधिकार स्वतःच दुसऱ्याला दिल्यासारखं होईल.

फोनबद्दल, वर्तणूक नियमांत तोंडी आदेश आला तर लेखी पुष्टी घ्यायची हे आहे. सुप्रीम कोर्टानेही टी.एस.आर. सुब्रमणियन खटल्यात ३१ ऑक्टोबर २०१३ ला हेच सांगितलं, तोंडी आदेशावर काम करू नका, ठराविक कालावधी द्या, बदल्या-नेमणुकांची शिफारस करायला नागरी सेवा मंडळ नेमा. आम्ही करतो का तसं? बरेच जण नाही. कारण लेखी मागितलं की फोन करणारा दुखावतो आणि बदलीची टांगती तलवार असते. पण सभागृहाने लेखी प्रश्न विचारला की "पेव्हर ब्लॉकचं काम कोणत्या ठरावाने, बजेटमधल्या कोणत्या लेखाशीर्षातून, प्रशासकीय मान्यता कोणत्या तारखेची", तर उत्तर देताना मलाही आधार मिळतो. पुढचा फोन आला की मी म्हणू शकतो, साहेब सभेत प्रश्न येतात. खरं सांगतो, चांगल्या अधिकाऱ्याला असे नगरसेवक हवे असतात.

इतिहासवेडा
एक जोडतो. अधिकाऱ्याकडे कार्यकारी अधिकार आणि सभागृहाकडे देखरेख ही रचना मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातली, आणि ती नुसती इंग्रजांनी लादलेली नाही, फिरोजशहा मेहतांचा तिच्यामागे मोठा हात होता. १८७१ मध्ये आयुक्त क्रॉफर्डच्या उधळपट्टीवरून गोंधळ झाला तेव्हा मेहता म्हणत होते की कारभार एकाच जबाबदार माणसाकडे असू द्या पण त्याला निवडून आलेल्यांनी जाब विचारला पाहिजे. आपण पहिला भाग ठेवला, दुसरा सोडून दिला. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर परिषद आली, तिथे कार्यकारी अधिकार निवडून आलेल्यांकडे आहेत. आपल्याकडे तसं करावं का यावर स्वतंत्र धागा काढा कोणीतरी, माझं मत हो असं आहे.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार, आईला वाचून दाखवलं. सही करत नाही म्हणालीय. फाईलवाला यांनी दिलेला प्रश्न तसाच लेखी देणार आहे. काका, आयत्या वेळचा विषय बेकायदेशीर वाटला आणि बहुमताने मंजूर झाला तर पुढे काय? ती एकटीच विरोधात असणार.

जुना_हेडक्लार्क
कलम ३०८. कलेक्टरला ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते. सभेत विरोध लेखी दिलेला असला पाहिजे, मग ठरावाची नक्कल फी भरून काढायची आणि अर्जाला जोडून कलेक्टर ऑफिसच्या नगरपालिका शाखेत द्यायचा, पोच घ्यायची. एकटी असली तरी चालतं, त्याला बहुमत लागत नाही. आणि गटारीचा विषय बजेटची सभा व्हायच्या आधी लेखी द्या, बजेट झाल्यावर दिलात तर निधी नाही हे उत्तर खरंच खरं असेल.