बाबांची वाचा गेली आहे, ॲक्युपंक्चरचा अनुभव कुणाला आहे का?

रेवा_क
बाबांना स्ट्रोक आला. चालायला लागलेत, पण बोलता येत नाही. ओळखीतून डोक्याला सुया लावणाऱ्या एकांचं नाव कळलंय. सगळ्या सिटिंगचे पैसे आधी भरायचे आहेत, सोमवारी कळवायचंय. फायदा होतो का? अनुभव असलेल्यांनीच लिहा, प्लीज.

सह्यवारा
स्ट्रोक कधी आला? गुठळी की रक्तस्राव? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत? बोलता येत नाही म्हणजे शब्द सापडत नाहीत, जीभ जड झालीय, की तुमचं बोलणंच कळत नाही?

रेवा_क
गोळ्या आहेत. नुसतं "ते ते" म्हणतात.

फणसगरे
बिनधास्त करा. माझा खांदा आखडला होता, ॲक्युपंक्चरने मोकळा झाला.

सह्यवारा
फणसगरे, प्रश्न खांद्याचा नाहीये.

माई_७१
वेखंड मधात उगाळून जिभेवर चाटवा. आमच्याकडे उशिरा बोलणाऱ्या मुलांना देतात.

निशिगंध
माई, नका हो. स्ट्रोकनंतर गिळायला त्रास असू शकतो, ठसका लागून फुप्फुसात जातं. आणि इथे बिघाड मेंदूत आहे, जिभेत नाही.
रेवा, मी स्पीच थेरपिस्ट आहे. सुयांवरचे बरेचसे अभ्यास चीनमधले आहेत. पुष्कळ अभ्यासांत सुयांच्या जोडीला स्पीच थेरपीही चालू असते, आणि सुया कुणाला लावल्या हे पेशंटला माहीत असतं. शिवाय पहिल्या काही महिन्यांत थोडी वाचा आपसूक परतते. मग श्रेय कुणाला द्यायचं? स्पीच थेरपीबद्दल मात्र २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) ५७ चाचण्या, सुमारे तीन हजार पेशंट आहेत, आणि उपयोग दिसतो. थेरपी चालू आहे का, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

पंतोजी
चीनचं सगळं खोटं कसं? आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनीच ही विद्या भारतात आणली.

सह्यवारा
कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. ॲक्युपंक्चर इकडे आणलं ते चीनला गेलेल्या त्यांच्याच वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. रेवा, महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे. त्या माणसाचा नोंदणी क्रमांक मागा, सुया एकदाच वापरायच्या आहेत ना तेही विचारा.

रेवा_क
स्ट्रोक गणपतीत आला, मेंदूत डाव्या बाजूला गुठळी. आमचं बोलणं बरंचसं कळतं. थेरपी हॉस्पिटलात होती, घरी आल्यावर बंद पडली. एक विचित्र वाटतं: दसऱ्याला अख्खी आरती म्हणाले, शब्द न् शब्द. लगेच पाणी हवं होतं तर नुसता तांब्याकडे हात!

निशिगंध
असं पुष्कळांचं होतं, आणि ते कामाला येतं. पाठ असलेलं, चालीवरचं वेगळ्या वाटेने येतं. त्यावर बेतलेली पद्धत बोस्टनमध्ये १९७३ पासून आहे. समोर बसा, त्यांच्या डाव्या हाताने मांडीवर ठेका धरा: "पा" खालच्या सुरात, "णी" वरच्या. आधी दोघं मिळून, मग तुम्ही मधेच थांबा. ओठ हलले तरी पुरे. मग "पाणी दे". दमले की बंद. पण थेरपी आधी सुरू करा, हे तिची जागा घेणार नाही. सुया लावायच्याच असतील तर गोळ्यांमुळे न्यूरॉलॉजिस्टना विचारून, आणि गोळ्या स्वतःहून थांबवू नका.

फणसगरे
मेडिक्लेममध्ये बसतं का हे?

रेवा_क
आगाऊ पैसे भरत नाही. उद्या न्यूरॉलॉजिस्टना फोन करते. पुण्यात थेरपी कुठे मिळेल? घरी येणारं कुणी?

निशिगंध
पुण्यात आहात हे आत्ता कळतंय! धनकवडीला भारती विद्यापीठात वाचा-श्रवण विभाग आहे, तिथे चौकशी करा. घरी येणाऱ्यांचं व्यनि (खाजगी निरोप) करते. बाबा कोणत्या हाताने लिहायचे, आणि घरात मराठीच बोलता ना?