मूल कोणाकडे राहावं, हे तपास करणाऱ्यानेच सांगावं का?

पानगळ:
आईवडील वेगळे होताना मुलावरून भांडण कोर्टात गेलं की बऱ्याच देशांत कोर्ट एक तटस्थ माणूस नेमतं. इंग्लंडमध्ये 2001 पासून कॅफकास ही संस्था आहे, अमेरिकेत कस्टडी इव्हॅल्युएटर असतात. हा माणूस दोन्ही घरी जातो, मुलाशी एकटं बोलतो, शिक्षकांना डॉक्टरांना भेटतो आणि रिपोर्ट देतो. इथपर्यंत ठीकच आहे, उलट तो नसेल तर मुलाचं ऐकणार कोण, दोन्ही वकील आपापल्या अशिलाचे. माझा आक्षेप रिपोर्टच्या शेवटच्या पानाला आहे, जिथे 'मूल अमक्याकडे द्यावं' असं लिहिलेलं असतं. 'वडील आले तेव्हा मुलगी खुर्चीमागे गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही' हे त्याने बघितलेलं. 'मुलीला वडिलांची भीती वाटते' हा त्याने लावलेला अर्थ, कारण ती भीती असेल, रुसवा असेल किंवा आई बघतेय म्हणूनही असेल. अमेरिकेत टिपिन्स हे वकील आणि विटमन हे मानसशास्त्रज्ञ यांनी 2005 मध्ये हेच मांडलं होतं की अशी शिफारस करण्याइतका शास्त्रीय आधारच नाहीये. जे बघितलं ते लिहा आणि थांबा.

रुजवात:
अजिबात पटलं नाही. जज मुलाला भेटलाच तर थोडा वेळ, तोही केबिनमध्ये, आणि हा माणूस मुलासोबत जमिनीवर बसून ठोकळे लावत बोललेला असतो, त्याचंच मत नको? त्याने मत नाही दिलं तर जज स्वतःच्या डोक्यातल्या समजुतींवर ठरवणार, 'लहान मूल म्हणजे आईकडेच' वगैरे. शिफारस कागदावर असली की निदान उलटतपासणीत विचारता तरी येतं की हे कशावरून म्हणता.

पानगळ:
विचारता येतं, पण ज्याच्याकडे चांगल्या वकिलाचे पैसे आहेत त्यालाच. बाकीच्यांसाठी ती शिफारस म्हणजे निकालच.

उंबरठा:
तुम्ही दोघं तटस्थ हा शब्द फार सहज वापरताय. घरात मारहाण झालेली असेल तर दोघांचं सारखंच खरं धरणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणं. इंग्लंडमध्ये 2020 साली सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच म्हटलं की काहीही करून दोन्ही पालकांशी संपर्क टिकवायचा या हट्टापायी कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी मागे पडतात. त्यात 1985 मध्ये गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने पॅरेंटल एलियनेशन सिंड्रोम काढलं, म्हणजे मूल वडिलांना नको म्हणालं की आईने कान भरले. आजही हे कुठल्याही अधिकृत निदानाच्या यादीत नाही तरी रिपोर्टमध्ये या ना त्या नावाने येतंच. तपास करणाऱ्याला हिंसा ओळखायचं ट्रेनिंग नसेल तर नुसतं तटस्थ असून काय उपयोग.

रुजवात:
ट्रेनिंग हवंच, मान्य. पण कान भरले जातात हेही खरंय ना. सहा वर्षांचं पोर 'बाबा आर्थिक जबाबदारी टाळतात' असं बोलायला लागलं तर ते वाक्य कुठून आलं हे कोणीतरी शोधायलाच हवं. मुलाला कोणी आणून सोडलं, दुसऱ्या पालकाने आणलं त्या दिवशी ते तेच बोललं का, हे बघणारा माणूस हाच.

उंबरठा:
शोधा की. पण पढवलेलं मूल आणि खरंच घाबरलेलं मूल दोन्ही तेच तेच बोलतात, आणि दोनतीन भेटींत हा फरक कळतो असं कोणी छातीठोकपणे म्हणू नये.

पानगळ:
म्हणून तर शिफारस नको म्हणतोय. अजून एक, हा माणूस समुपदेशक नसतो. मुलाला वाटतं आपण गुपित सांगतोय आणि ते रिपोर्टमधून दोन्ही पालकांच्या हातात जातं, मग रात्री त्याच घरात झोपायचं असतं त्याला. 1989 च्या बालहक्क करारातलं कलम 12 मुलाला मत मांडायचा हक्क देतं पण मांडलंच पाहिजे अशी सक्ती करत नाही. 'तू सांगशील ते मी लिहिणार आहे, नाही सांगितलंस तरी चालेल' हे पहिल्याच भेटीत त्याच्या वयाला कळेल असं सांगायलाच हवं.

रुजवात:
याला माझा पूर्ण पाठिंबा. शिफारशीवर मात्र मी हटत नाही, फक्त प्रत्येक शिफारशीखाली ती कुठल्या निरीक्षणावरून आली आणि त्याचा दुसरा काय अर्थ निघू शकतो हे लिहिणं कम्पल्सरी करा.